घरोघरीचं शिलाई मशीन : थोडा इतिहास, थोडी हकिकत

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला इन्स्पेक्शनचा रिपोर्ट आणि वसुलीची नोटीस या दोनच गोष्टी लिहिता येतात. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आपल्या सोसायटीत जुनं सामान काढायची मोहीम निघाली, ती सगळ्यांना आठवत असेल. गेटपाशी भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता आणि त्यात गाद्या, कुलर, मोडक्या खुर्च्या यांच्यामध्ये तीन शिलाई मशीन होती. काळ्या रंगाची, बिडाची, सोनेरी वेलबुट्टीची. भंगारवाला ती किलोवर घेत होता. त्यातल्या एकाचं चाक मी सहज हाताने फिरवलं, तर सुई अगदी लोण्यातून जावी तशी खाली-वर झाली. मशीन चालू होतं!

ज्यांचं होतं त्या सूनबाईंना मी विचारलं, "अहो, हे चालू आहे, का काढता?" त्या म्हणाल्या, "काका, सासूबाई गेल्या. आता शिवतंय कोण?"

त्या काही चुकीचं बोलल्या नाहीत. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. मग मी आणि सेक्रेटरींनी मिळून सगळ्या विंगमध्ये चौकशी केली. आपल्या ६४ घरांत १७ शिलाई मशीन निघाली. त्यातली चालू अवस्थेत पाच. आणि ज्यांना ब्लाऊज बेतून शिवता येतो अशा व्यक्ती फक्त चार, चारही साठीच्या पुढच्या. म्हणजे मशीन पुढच्या पिढीला पोचली, पण हात पोचला नाही. या मशीनची हकिकत आपल्या पंचवीस वर्षांच्या हिशोबात कुठेतरी नोंदवून ठेवावी, म्हणून हा लेख.

सुईचं भोक

हाताच्या सुईला भोक मागच्या टोकाला असतं. सगळी सुई कापडातून आरपार काढावी लागते आणि तिच्यामागून दोरा ओढावा लागतो. यंत्राला हे जमेना. माणसाच्या हाताची नक्कल करणारी यंत्रं करण्यात पुष्कळ लोकांची वर्षं गेली. भोक टोकदार बाजूला आणलं, तेव्हा अडलेलं काम सुटलं. सुई कापडातून थोडीशी खाली जाते, परत वर येताना दोऱ्याचा छोटा फास मागे राहतो, खालच्या शटलचं टोक तो फास पकडतं आणि त्यातून बॉबिनचा दोरा जातो. वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. आपण जिला मशीनची टीप म्हणतो ती हीच.

फ्रान्समधल्या बार्तेलमी तिमोनिए नावाच्या शिंप्याने १८३० साली आपल्या शिवणयंत्राचं पेटंट घेतलं. त्याचं यंत्र एकाच दोऱ्याने साखळीसारखा टाका घालायचं. पॅरिसमध्ये त्यावर लष्कराचे गणवेश शिवायचं कामही सुरू झालं. पण आपली पोटं जाणार या भीतीने शिंप्यांच्या जमावाने ती यंत्रं फोडून टाकली. तिमोनिए पुढे गरिबीतच वारला. अमेरिकेत वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या काही वर्षांत दोन दोऱ्यांचं यंत्र बनवलं, पण पेटंट घेतलं नाही. शिवणकाम करणाऱ्या गरीब बायकांचं काम जाईल, ही भीती त्यामागे होती असं सांगतात. दोन दोऱ्यांच्या टाक्याचं पेटंट शेवटी एलायस होव याने १० सप्टेंबर १८४६ रोजी मिळवलं.

मग आला आयझॅक मेरिट सिंगर. हा गृहस्थ मुळात नाटकात कामं करणारा, त्यात हुशार मेकॅनिक. बॉस्टनच्या एका वर्कशॉपमध्ये दुरुस्तीला आलेलं मशीन पाहून त्याने त्यात सुधारणा केल्या आणि १२ ऑगस्ट १८५१ रोजी स्वतःचं पेटंट घेतलं. त्याच्या मशीनमध्ये सुई सरळ खाली-वर चाले, कापड आडव्या पाटावर राही आणि वरून पाय कापड दाबून धरी. आज आपल्या घरातल्या मशीनकडे बघा, ठेवण तीच आहे. होवने त्याला कोर्टात खेचलं आणि दावा जिंकला. शेवटी १८५६ मध्ये मोठ्या कंपन्या आणि होव यांनी भांडण मिटवून सगळी पेटंट एकत्र ठेवली आणि रॉयल्टी वाटून घेतली.

हप्त्याचा शोध

बँकवाला म्हणून मला या इतिहासातला खरा रस पुढे आहे. मशीन तयार झालं, पण एवढी किंमत सामान्य कुटुंब एकदम कुठून देणार? सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क हा वकील. त्याने १८५६ च्या सुमारास मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली. थोडी रक्कम आधी, मशीन घरी, बाकीचे पैसे दर महिन्याला. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी कंपनीची. आज फ्रिज, टीव्ही, मोबाइल आपण ज्या पद्धतीने घेतो, ती पद्धत घरगुती वस्तूंच्या बाबतीत जगभर रुजवली ती या मशीनने. त्यामागचा हिशोबही सरळ होता. बाकीच्या वस्तू पैसे खातात, हे मशीन पैसे मिळवून देतं आणि त्या मिळकतीतून स्वतःचाच हप्ता फेडतं. पुढे बँकेत आम्हाला 'उत्पादक कर्ज' म्हणून जे शिकवलं, ते याहून निराळं काही नव्हतं.

क्लार्कने आणखी एक केलं. जुनं मशीन आणा, नव्यावर सूट घ्या. आलेली जुनी मशीन तो मोडून टाकायचा, म्हणजे जुना बाजारच उभा राहू नये. आपल्याला एक्स्चेंज ऑफर आजची वाटते, ती दीडशे वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा टेम्पोत मशीन टाकताना आपण त्या क्लार्कसाहेबांचंच काम करत असतो, एवढं लक्षात असू द्या.

क्लाइडबँक ते कराड

सिंगर कंपनीने स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळ क्लाइडबँक इथे १८८०च्या दशकात प्रचंड कारखाना उभारला. १९१३ साली तिथून वर्षाला १३ लाखांहून जास्त मशीन बाहेर पडली. १९११ मध्ये तिथल्या सुमारे ११ हजार कामगारांचा संप झाला. मार्च १९४१ मध्ये जर्मन विमानांनी त्या गावावर बॉम्ब टाकले. कारखाना १९८० साली बंद पडला आणि पाडूनही टाकला. पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव अजून 'सिंगर'च आहे.

हे सगळं सांगायचं कारण असं की, मशीनच्या पायथ्याशी पितळी पट्टीवर किंवा बिडावर कोरलेला नंबर असतो. जुन्या सिंगरवर 'ई' अक्षराने सुरू होणारा दोन अक्षरी नंबर असेल तर ते मशीन त्या क्लाइडबँकमधलं. आपल्या १७ पैकी चार मशीन तिथली निघाली. पाचवं माझ्या घरी आहे, ते मी मोजलेलं नाही, कारण ते आईचं.

हिंदुस्थानात सिंगरची मशीन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ लागली. मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे कंपनीच्या इथल्या कारभाराची सूत्रं पुष्कळ वर्षं होती. अडचणी कमी नव्हत्या. आपला पोशाख म्हणजे धोतर, लुगडं, उपरणं. कापड विणलं की पोशाख तयार, शिवायचं काय? जे शिवायचं ते शिंपी शिवत. हे काम आपल्याकडे किती जुनं आणि मानाचं आहे हे सांगायला नकोच. संत नामदेव शिंप्यांच्या घरातलेच. त्यामुळे इथे मशीन आधी शिंप्याच्या दुकानात गेलं आणि घरात नंतर आलं. झंपर, पोलकं, परकर, सदरा, शाळेचा गणवेश हे जसजसं वाढत गेलं, तसतसं मशीन माजघरापर्यंत पोचलं.

त्यात एक वाट स्त्रीशिक्षणाची होती. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनात (१९०९) लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणाचेही वर्ग चालत. नवरा गेलेली, माहेरचा आधार नसलेली बाई शिकून काय करणार, या प्रश्नाला त्या काळी जी दोन-तीन खरी उत्तरं होती त्यात नर्स, शिक्षिका आणि शिवण. गावोगावच्या महिला मंडळांत शिवणवर्ग असायचाच, तो या परंपरेतला.

यंत्रांवर कडक टीका करणाऱ्या गांधीजींनीही एक अपवाद केला होता. १९२४ साली 'यंग इंडिया'त छापून आलेल्या एका संवादात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राची गणना मोजक्या उपयुक्त शोधांमध्ये केली. माणसाला बाजूला न सारता त्याचे कष्ट हलके करणारं यंत्र त्यांना चालत होतं. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने हे यंत्र काढलं, असं ते म्हणाले. सिंगरचं प्रत्यक्ष चरित्र पाहिलं तर त्याचा संसार एवढा सरळ नव्हता. पण यंत्राबद्दलचा मुद्दा त्याने खोटा ठरत नाही.

पुढे देशी मशीन आली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३०च्या दशकात 'उषा' सुरू केलं आणि लाला श्रीराम यांच्या उद्योगसमूहाने ते वाढवलं. लुधियानात तर लहानमोठ्या कारखान्यांनी सुटे भाग आणि मशीन बनवण्याची पेठच उभी केली. 'रिटा' तिथलंच. आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशीन सिंगरच्या १५ नंबरच्या जातीवर बेतलेली आहेत. याचा फायदा आजही होतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या मशीनला लागणारी बॉबिन, बॉबिन केस, सुई आज कुठल्याही पेठेत मिळते. पाच वर्षांपूर्वीच्या मोबाइलची बॅटरी मिळवून दाखवा!

आमच्या घरी, कराडला, सिंगर आलं १९५३ साली. मी दोन वर्षांचा होतो, त्यामुळे हे आईकडून ऐकलेलं. वडील पोस्टात, पगार बेताचा, खाणारी तोंडं सात. मशीन हप्त्यावर घेतलं, हाताने फिरवायचं. पायाच्या मशीनला स्टँडचे जास्त पैसे पडत होते. आईने त्याच्यावर आधी आमचे कपडे शिवले, मग आळीतल्या बायकांचे, मग लग्नसराईत रात्री कंदिलावर. आम्हा भावंडांच्या शाळेच्या फीमध्ये त्या मशीनचा वाटा किती होता, ते मी मोठा झाल्यावर हिशोब करून पाहिला होता. आकडा इथे देत नाही, पण वडिलांच्या पगाराशेजारी तो लहान दिसत नव्हता.

एक वसुली

आता जे लिहितो ते घरातही फारसं बोललो नव्हतो.

१९८४ साली मी एका खेड्यातल्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. बँकेचं आणि गावाचं नाव नको. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम जोरात होता. १९७८-७९ साली सुरू झालेला हा कार्यक्रम २ ऑक्टोबर १९८० पासून देशातल्या सगळ्या गटांत लागू झाला. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाई मशीन अशी वस्तू कर्जाने द्यायची. शेतमजुराला एक तृतीयांश सबसिडी. कल्पना उत्तम. पण मार्चअखेर टार्गेट पूर्ण करायचं म्हणून आम्ही ज्यांना सुई ओवता येत नव्हती त्यांनाही मशीन दिली. प्रशिक्षणासाठी 'ट्रायसेम' नावाची योजना १९७९ पासून होती, पण आमच्या भागात मशीन आधी आणि शिक्षण नंतर, किंवा नाहीच, असं चाललं होतं. काही मशीन सहा महिन्यांत विकली गेली, काहींवर कंदील आणि देवाचा फोटो आला.

एक बाई मात्र खरोखर शिवत होती. चांगलं शिवत होती. नवरा आजारी पडला आणि तिचे चार हप्ते थकले. ज्यांनी मशीन विकून खाल्ली त्यांच्याकडून घेण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. हिच्याकडे मशीन होतं. वसुलीचा आकडा वरून मागत होते. मी शिपायाला घेऊन गेलो आणि तारण माल म्हणून मशीन उचललं.

ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "साहेब, दिवाळीपुरतं राहू द्या. आठ झंपर आलेत शिवायला."

कायदा माझ्या बाजूने होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये कारागिराची हत्यारं जप्तीतून वगळलेली आहेत, हे मला परीक्षेसाठी पाठ होतं. पण कर्ज ज्या वस्तूवर दिलं तीच वस्तू तारण असेल तर हा बचाव लागू पडत नाही, हेही पाठ होतं. मशीन शाखेच्या जिन्याखाली ठेवलं.

दिवाळीला कराडला गेलो तेव्हा बोलता बोलता आईला सांगितलं. मला वाटलं ती रागावेल. तिने विचारलं, "झाकून ठेवलंय का? तेल कोण घालतं त्याला?"

मी गप्प बसलो. मशीन पावसाळाभर उघडं पडलं होतं. आई उठली, तिचं मशीन आडवं करून खालची बाजू मला दाखवली. कुठे एक थेंब, कुठे दोन, कुठे अजिबात नाही. शटल कसं काढायचं, कसं परत बसवायचं. त्या दोन दिवसांत तिने माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. दुसरं काही बोलली नाही.

शाखेत परतल्यावर मी जिन्याखालचं मशीन उघडलं. शटल गंजून जागेवर बसलं होतं. रॉकेल सोडून, रात्रभर ठेवून, दुसऱ्या दिवशी ते सुटलं. चार महिन्यांनी त्या बाईने भावाकडून पैसे आणून थकबाकी भरली आणि मशीन नेलं. चालू स्थितीत नेलं, एवढंच काय ते माझं समाधान. तिची दिवाळीची गिऱ्हाइकं मात्र गेली ती गेली.

आई २००३ मध्ये गेली. तिच्या मशीनचा खण साफ करताना तळाशी हप्त्याचं कार्ड सापडलं. दर महिन्याचा शिक्का आणि सही. एका महिन्याचा रकाना रिकामा आहे आणि पुढच्या महिन्यात दोन शिक्के आहेत. म्हणजे १९५४ साली कधीतरी वसुलीला आलेला कुणी माणूस हप्ता न घेता परत गेला होता, आणि मशीन तिथेच ठेवून गेला होता. त्या माणसाचं नाव सहीवरून लागत नाही. मी ते कार्ड प्लॅस्टिकमध्ये घालून परत खणातच ठेवलं आहे.

मशीन कसं सांभाळावं

निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मी मशीन उघडून बसतो. कोपऱ्यावरच्या दुकानातले टेलर मास्तर माझे गुरू. पहिल्या दिवशी मी सढळ हाताने तेल ओतलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, मशीनला तेल पाजायचंय, आंघोळ नाही घालायची." तर त्यांच्याकडून आणि आईकडून जे शिकलो ते थोडक्यात असं.

एक, बंद पडलेलं मशीन जोर लावून फिरवू नका. बहुतेक वेळा ते मोडलेलं नसतं, जुनं तेल सुकून चिकटलेलं असतं. सांध्यांवर रॉकेलचे थेंब सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक हलकेच मागे-पुढे करा. सुटल्यावर रॉकेल पुसून मशीनचं तेल घाला.

दोन, तेल फक्त मशीनचंच. पातळ, पाण्यासारखं दिसणारं. खोबरेल किंवा गोडेतेल घातलं तर चार महिन्यांत त्याचा डिंक होतो. आपल्या १२ बंद मशीनपैकी निम्मी याच कारणाने बंद होती. तेल घातल्यावर आधी चिंधीवर टीप मारा, मग चांगलं कापड घ्या.

तीन, सुईखालची पट्टी दोन स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढून खालच्या दात्यांमधला मळ जुन्या टूथब्रशने काढा. कपडा पुढे सरकत नाही ही तक्रार अर्ध्या वेळा इथेच मिटते. शटलच्या जागेतही दोऱ्याचे तुकडे अडकतात. ते काढून तिथे एकच थेंब.

चार, सुई स्वस्त असते, ती बदला. बोथट सुई टाके सोडते. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते, दोरा नेहमी त्या बाजूने ओवायचा. पातळ सुती कापडाला ११ किंवा १४ नंबर, जाडाला १६, जीन्सला १८.

पाच, टाका वरून चांगला आणि खालून गुंता, असं झालं तर सगळे बॉबिन केसला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. दाबायचा पाय वर उचलून दोरा परत ओवा. चकत्या तेव्हाच मोकळ्या असतात.

सहा, चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पायाचं मशीन नवशिक्याच्या पायाखाली उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. चामड्याचा पट्टा सैल झाला तर फेकू नका, थोडा कापून तार परत जोडा.

सात, आणि हे कळवळून सांगतो, काळ्या मशीनवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावू नका. जुन्या मशीनवर लाखेच्या जातीचं वार्निश असतं, ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. ए विंगमधल्या एका मशीनवरची सोनेरी वेल कोरोनाच्या काळात एका पुसण्यात गेली. मऊ फडक्यावर मशीनचंच दोन थेंब तेल घेऊन पुसावं.

आपला हॉल, शनिवार दुपार

कोरोनाची आठवण निघाली आहे तर तेही नोंदवतो. मार्च २०२० मध्ये सगळं बंद झालं आणि मास्क मिळेनासे झाले. एप्रिलच्या सुरुवातीला सरकारनेच घरी शिवलेले कापडी मास्क वापरा म्हणून सांगितलं. त्या वेळी आपल्या सी विंगमधल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी जुन्या सुती साड्या धुऊन, वाळवून, तिहेरी घड्यांचे मास्क शिवायला घेतले. मग आणखी दोन घरांतून मशीनचा आवाज यायला लागला. इलॅस्टिक मिळत नव्हतं, तर कापडी बंद लावले. वॉचमन, सफाई कामगार, दूधवाला, भाजीवाला आणि आपण सगळे, आधी ते मास्क वापरले आणि दुकानातले नंतर आले. मशीन त्यांच्याकडे जाऊन तेल घालण्याचं काम मी केलं, लांबूनच, जिन्यात उभं राहून. शिवणाऱ्या तिघी होत्या. आज त्यातल्या एक मुलाकडे पुण्याला गेल्या, एकींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पुन्हा वेळ आली तर शिवणार कोण?

म्हणून टेम्पोतून परत घेतलेल्या तीन मशीनवर यंदा जानेवारीपासून हॉलमध्ये शनिवारी दुपारी चार ते सहा शिवणाचा वर्ग सुरू झाला. शिक्षिका बाई आणि टेलर मास्तर शिकवतात. मास्तरांना सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून मानधन मिळतं आणि ते मिळालंच पाहिजे, असा मी सभेत आग्रह धरला. फुकट शिकवा म्हणायला आपण सगळे पुढे असतो.

शिकवण्याची रीत जुनीच आहे. पहिल्या दिवशी दोरा नाही. वहीचा रेघी कागद मशीनखाली धरायचा आणि नुसत्या सुईने रेघेवर भोकं पाडत जायचं. रेघ सरळ आली की चौकोन, चौकोन जमला की गोल. मग हाताचा धावदोरा, तुरपाई, काजं, बटण. मग बाजाराची पिशवी, उशीचा अभ्रा, परकर. ब्लाऊज शेवटी, आणि तोही आधी वर्तमानपत्राच्या कागदावर बेतून. मास्तर सांगतात, "कापड कापलं की परत जोडता येत नाही. कागद चुकला तर रद्दी."

आता नऊ जण येतात. त्यात दोन मुलगे आहेत आणि एक माझ्याच वयाचे गृहस्थ, ज्यांच्या सदऱ्याची बटणं चाळीस वर्षं वहिनींनी लावली. माझी नात, वय नऊ, तिने पहिली पिशवी शिवली. टीप वाकडी आहे, एक बंद लांब, एक आखूड. आमची सौ. तीच घेऊन भाजीला जाते. नातीने ती पिशवी शिवली आईच्या, म्हणजे तिच्या पणजीच्या, १९५३ च्या मशीनवर. शेवटी उलटी टीप मारायला विसरली म्हणून शिवण उसवली, ती तिने स्वतः काढून परत घातली. ती परत घातलेली टीप सरळ आली.

सभासदांना विनंती एवढीच. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी ते काढून टाकण्याआधी मला किंवा सेक्रेटरींना एक हाक मारावी. मशीन तुमचंच राहील, आम्ही फक्त चालू करून देऊ. ज्यांना शिवता येतं त्यांनी महिन्यातून एक शनिवार द्यावा. जुन्या बॉबिन, रिळं, कात्र्या, बटणांचे डबे हॉलच्या कपाटात जमा करावेत. हॉलची किल्ली शनिवारी साडेतीनपासून माझ्याकडे असते. येताना चिंधीचा एक तुकडा आणा, तेल आमच्याकडे आहे.



— एक ज्येष्ठ सभासद, बी विंग